आधी कुणाला कळणार?

परवा औषधांचा डबा आवरायला घेतला. आमच्याकडे हा डबा म्हणजे जुना बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यात मुदत संपलेली खोकल्याची बाटली, अर्धवट सोडलेला अँटिबायोटिकचा कोर्स (आमच्या डॉक्टरांना कुणी सांगू नका), आणि तळाशी कोविडच्या घरगुती टेस्टचं एक न उघडलेलं पाकीट निघालं. पुण्याच्या मायलॅबचं. मे २०२१ मध्ये आयसीएमआरने या टेस्टला मान्यता दिली आणि घराघरांतून लोक नाकात काडी घालून 'सी'ची एक रेघ उमटते की 'टी'चीही, हे बघत बसले. आठवतंय ना? ती पंधरा मिनिटं काही केल्या सरायची नाहीत.

भाची चार दिवस राहायला आली आहे. ती शेजारी बसून पाकिटावरची बारीक अक्षरं वाचत होती. म्हणाली, "मावशी, अशी घरच्या घरी टेस्ट आणखी कशाकशाची असते गं?"

"शुगरची असते की. आणि प्रेग्नन्सीची."

"आणि तसल्या आजारांची?"

मी डब्याचं झाकण लावलं आणि म्हटलं, "चहा टाकतेस का जरा?"

झालं. एकोणीस वर्षांच्या मुलीने सरळ प्रश्न विचारला आणि तिच्या दुप्पट वयाच्या बाईने चहाच्या आड लपून पळ काढला. रात्री झोप येईना. एरवी या ब्लॉगवर मोठमोठ्या गप्पा मारणारी मी, आणि एवढ्याशा प्रश्नाला उत्तर देताना जीभ का अडखळावी?

कारण माहीत आहे मला. ते मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

आमचं लग्न ठरलं तेव्हाची गोष्ट, वीसेक वर्षांपूर्वीची. पत्रिका जुळवण्यापेक्षा रक्ताचे रिपोर्ट जुळवा, असं तेव्हा भाषणांत, लेखांत बरंच म्हटलं जायचं. आम्हा दोघांना ते पटलं होतं. दोघांनी आपापल्या गावी एचआयव्ही आणि व्हीडीआरएल करून घ्यायचं ठरवलं, घरी न सांगता. मी घराजवळच्या एका लॅबमध्ये रक्त देऊन आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिपोर्ट आणायला गेले, तर काउंटरवरच्या माणसाने पाकिटांचा गठ्ठा हातात घेऊन खणखणीत आवाजात विचारलं, "एचआयव्ही कुणाचं आहे?"

बाकावर सात-आठ माणसं होती. त्यांत आमच्याच वाड्यातल्या एक काकू.

मी उठले, "माझं" म्हणाले, पाकीट घेतलं आणि बाहेर आले. दोन्ही रिपोर्ट निगेटिव्ह होते. पण ते पाकीट उघडायच्या आधीच माझी टेस्ट जगजाहीर झाली होती. मी रिक्षा करून मैत्रिणीकडे गेले, रात्री उशिरा घरी परतले. तोवर आईला कळलेलं होतं. ती दोन दिवस काहीच बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भांडी विसळता विसळता, माझ्याकडे न बघता, तिने विचारलं, "काही झालंय का गं तुला?"

मी रिपोर्ट आणून दाखवला. तिने वाचला, घडी घातली, परत दिला. त्यानंतर आम्ही दोघी त्या विषयावर कधीच बोललो नाही.

परवा रात्री हे सगळं पुन्हा डोळ्यांसमोर आलं, आणि मग जे सुचलं त्यासाठी ही पोस्ट. या आजारांच्या तपासणीचा इतिहास बहुतेकदा कोणता जंतू कधी सापडला या अंगाने सांगतात. मला वाटतं त्यात दुसराही एक प्रश्न पहिल्यापासून आहे : निकाल आधी कुणाला कळणार?

अगदी सुरुवातीला उत्तर सोपं होतं. सरकारला. इंग्लंडमध्ये १८६४ पासून आणि हिंदुस्थानात १८६८ मध्ये सांसर्गिक रोगांचा कायदा झाला. गोऱ्या सैनिकांना गुप्तरोग होऊ नयेत, ही त्यामागची मुख्य काळजी. उपाय असा, की वेश्या म्हणून नोंद झालेल्या बायकांनी ठरावीक दिवशी तपासणीला यायचं, आणि रोग आढळला तर 'लॉक हॉस्पिटल'मध्ये राहायचं. मुंबईत हा कायदा १८७० मध्ये लागू झाला, दोन वर्षांत गुंडाळला गेला, १८८० मध्ये परत आला आणि १८८८ मध्ये देशभरातूनच रद्द झाला. इंग्लंडमध्ये जोसेफीन बटलर या बाईंनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं रान उठवलं होतं. गिऱ्हाइकांच्या तपासणीचं नाव या कायद्यात नव्हतं. आणि रक्ताची टेस्ट तेव्हा निघालेलीच नव्हती. डॉक्टरांनी डोळ्यांनी बघायचं आणि ठरवायचं, एवढीच तपासणी. म्हणजे बाईचं शरीर, निष्कर्ष दुसऱ्याचा, आणि तो लिहिला जायचा सरकारी नोंदवहीत.

पुढे रक्ताची टेस्ट आली. १९०५ मध्ये शाउडिन आणि हॉफमान या जर्मन संशोधकांना सिफिलिसचा जंतू दिसला आणि १९०६ मध्ये बर्लिनच्या ऑगस्ट फॉन वासरमान आणि सहकाऱ्यांनी त्याची रक्तचाचणी काढली. ती कशी करत हे वाचून मला हसूच आलं. तिला गिनीपिगच्या रक्तातला द्रव लागे, मेंढीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी लागत, आणि पुढे तर बैलाच्या हृदयाचा अर्क. हे सगळं अचूक प्रमाणात मिसळायचं आणि नळीतल्या तांबड्या पेशी फुटतात की शाबूत राहतात ते बघायचं. घरी करायची टेस्ट सोडा, मोठ्या प्रयोगशाळांनाही ती झेपता झेपत नसे. शिवाय मलेरिया किंवा कुष्ठरोग असला तरी ती कधीकधी सिफिलिस दाखवी. १९४१ मध्ये मेरी पँगबॉर्न यांनी बैलाच्या हृदयातला नेमका उपयोगी घटक वेगळा काढला, आणि त्यावर आधारलेली सोपी, काचपट्टीवर करायची टेस्ट १९४६ मध्ये आली. तीच आपली व्हीडीआरएल. गरोदरपणी रक्त तपासलेल्या कितीतरी आयांच्या फाइलमध्ये ही चार अक्षरं असतील. ती आद्याक्षरं आहेत अमेरिकेतल्या 'व्हेनेरियल डिसीज रिसर्च लॅबोरेटरी'ची. आपल्या रिपोर्टवर एका परक्या प्रयोगशाळेचं नाव आहे याचा पत्ता किती जणींना असेल?

आता निकाल डॉक्टरांना कळू लागला. अमेरिकेत तर लग्नाच्या लायसन्ससाठीही तो लागू लागला. नवरानवरी दोघांचं रक्त तपासण्याची सक्ती पहिल्यांदा १९३५ मध्ये कनेटिकट राज्याने केली. आणि याच अमेरिकेत त्याच्या आदल्याच वर्षी, १९३४ मध्ये, न्यूयॉर्क राज्याचे आरोग्य आयुक्त थॉमस पॅरन यांना रेडिओवर 'सिफिलिस' हा शब्द उच्चारू दिला नव्हता! त्यांनी मग भाषणच केलं नाही. रक्त द्या, पण नाव घेऊ नका.

आपण तरी काय वेगळे? 'गुप्तरोग' या शब्दातच 'गुप्त' आहे. रुळांकडेच्या भिंतींवर हातभर अक्षरांत रंगवलेला हा शब्द लहानपणी मी मोठ्याने वाचला होता आणि काकांनी डोळे वटारले होते. भिंतीवर चालतो, तोंडात चालत नाही.

घरी तपासायची कल्पना मात्र एका वेगळ्याच टेस्टमधून आली. १९६७ मध्ये न्यू जर्सीत ऑर्गनॉन या औषध कंपनीत मार्गारेट क्रेन नावाची सव्वीस वर्षांची डिझायनर काम करत होती. प्रयोगशाळेत तिला नळ्यांची रांग दिसली. खाली आरसा होता आणि नळीच्या तळाशी लाल कडं दिसलं की बाई गरोदर. तिच्या मनात आलं, हे तर बाईला घरीसुद्धा बघता येईल. तिने एका प्लास्टिकच्या डबीत नळी आणि आरसा बसवून नमुना केला. कंपनीतल्या लोकांना आधी तो पसंत पडला नाही. डॉक्टरांकडून मिळणारं काम जाईल ही एक भीती, आणि नको असताना दिवस गेल्याचं कळलं तर एखादी जिवाचं बरंवाईट करील ही दुसरी. तरी १९७१ मध्ये ती टेस्ट कॅनडात विकायला आली आणि पुढे जगभर गेली.

ही दुसरी भीती लक्षात ठेवा. ती पुन्हा भेटणार आहे.

१९८१ मध्ये एड्सचे पहिले रुग्ण नोंदले गेले, १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत विषाणू वेगळा केला गेला, आणि मार्च १९८५ मध्ये अमेरिकेत पहिल्या रक्तचाचणीला परवानगी मिळाली. भारतातली पहिली नोंद १९८६ ची, चेन्नईची. डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली सेल्लप्पन निर्मला ही विद्यार्थिनी रिमांड होममधल्या बायकांचं रक्त गोळा करत होती. साठवायची नीट सोय नाही, म्हणून नमुने तिने स्वतःच्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवले. मग ते वेल्लोरला नेऊन तपासले, आणि सहा नमुने पॉझिटिव्ह निघाले. केवढं धाडस! या दोघींबद्दल मला मनापासून आदर आहे. पण पुढचा क्रम बघा. बातमी आयसीएमआरला गेली, तिथून पंतप्रधान राजीव गांधींना आणि तमिळनाडूच्या आरोग्यमंत्र्यांना, आणि मग विधानसभेत. रक्त ज्यांचं होतं त्या बायकांना ते देताना ते नेमकं कशासाठी घेतलं जातंय हेही सांगितलेलं नव्हतं.

आणि मग आपल्या शेजारचा गोवा. पर्रा गावचा डॉमिनिक डिसोझा हा तरुण नेहमी रक्तदान करायचा. फेब्रुवारी १९८९ मध्ये एक दिवस पोलीस त्याला घेऊन गेले. दान केलेल्या रक्तात काय सापडलं होतं हे त्याच्याआधी पोलिसांना ठाऊक होतं. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा माणसाला सक्तीने वेगळं ठेवायची तरतूद होती, त्याप्रमाणे म्हापशातल्या बंद पडलेल्या क्षयरोग इस्पितळात त्याला चौसष्ट दिवस डांबून ठेवलं. त्याची आई, लुसी डिसोझा, मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठात गेली. तो घरी आला, पण न्यायालयाने कायदा वैधच ठरवला. डॉमिनिकने पुढे 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था काढली आणि १९९२ मध्ये तो गेला.

लॅबच्या बाकावरचा माझा अपमान यापुढे काहीच नाही, हे मला कळतं. पण दोन्हींची जात एकच आहे. माझ्याबद्दलची गोष्ट माझ्याआधी दुसऱ्याच्या हातात.

अमेरिकेत याच काळात काही कंपन्या म्हणू लागल्या, की माणसाला घरीच रक्त घेऊ द्या. बोटाला टोचायचं, जाड कागदावर थेंब टिपायचे, वाळवायचे आणि टपालाने लॅबला पाठवायचे. (ही युक्ती रॉबर्ट गथ्री यांनी १९६०च्या दशकात नवजात बाळांच्या तपासणीसाठी रूढ केली होती. बाळाच्या टाचेचं रक्त, कागदावर.) पाकिटावर नाव नाही, फक्त नंबर. आठवड्याने फोन करून नंबर सांगायचा. निगेटिव्ह असेल तर ध्वनिमुद्रित निरोप, पॉझिटिव्ह असेल तर समुपदेशक बोलायला.

एफडीएने वर्षानुवर्षं याला नकार दिला. का? तर फोनवर निकाल ऐकून कुणी जिवाचं बरंवाईट केलं तर? मार्गारेट क्रेनने ऐकलेलीच भीती. ती अगदी पोकळ होती असं मी म्हणणार नाही. १९८५ मध्ये एचआयव्हीवर एकही औषध नव्हतं. निकाल कळून करायचं काय, हा प्रश्न खराच होता. अखेर मे १९९६ मध्ये 'कन्फाइड' नावाच्या पहिल्या किटला परवानगी मिळाली. ते वर्षभरातच बाजारातून गेलं, पण त्याच उन्हाळ्यात आलेलं दुसरं किट टिकलं. १९९६ हेच वर्ष तीन औषधं एकत्र देण्याच्या उपचाराचंही. आता निकाल कळण्याला अर्थ आला, कारण पुढे जायला रस्ता होता. आपल्याकडे सरकारने ही औषधं मोफत द्यायला सुरुवात केली ती एप्रिल २००४ मध्ये.

पुढचा प्रवास भराभर झाला. जुलै २०१२ मध्ये 'ओराक्विक' आलं. हिरड्यांवरून काडी फिरवायची, नळीत ठेवायची, वीस मिनिटांनी रेघा बघायच्या. टपाल नाही, फोन नाही. ब्रिटनने १९९२ पासून अशा किटच्या विक्रीवर घातलेली बंदी २०१४ मध्ये उठवली. २०१५ पासून मलावी, झांबिया, झिंबाब्वेमध्ये हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला आणि २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्वतःची एचआयव्ही तपासणी स्वतः करायची शिफारसच केली. बाकीचे आजारही मागोमाग आले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने २००४ पासून क्लॅमिडिया-गनोरियासाठी घरी नमुना घ्यायची किटं टपालाने पाठवली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत सिफिलिसच्या घरगुती टेस्टला परवानगी मिळाली, आणि मार्च २०२५ मध्ये स्त्रियांसाठीच्या अशा टेस्टला, जी क्लॅमिडिया, गनोरिया आणि ट्रायकोमोनास तिन्हींचा निकाल अर्ध्या तासात घरीच देते. क्लॅमिडिया बहुतेक बायकांना काहीच त्रास न देता अंगात राहतो आणि पुढे मूल न होण्याचं कारण ठरू शकतो. त्रासच नाही तर डॉक्टरकडे कोण जाणार? अशा आजाराला घरची टेस्ट म्हणजे मोठीच सोय.

म्हणजे दीडशे वर्षांत सरकार, मग डॉक्टर, मग टपाल, आणि शेवटी आपण, असा तो निकाल हातोहात घरी आला. गोष्ट इथे संपवता आली असती. पण...

पण एक तर टेस्ट खोटंही बोलते. 'ओराक्विक' लोकांनी घरी स्वतः केली, तेव्हा लागण असलेल्या शंभरांतल्या ९२ जणांनाच तिने पकडलं. म्हणजे साधारण बारांतला एक निर्धास्त होऊन झोपी गेला. लागण होऊन तीन महिने झाले नसतील तर निगेटिव्हवर विसंबता येत नाही. पॉझिटिव्ह आलं तरी लॅबमध्ये खात्री करावीच लागते. सिफिलिसच्या घरगुती टेस्टचं आणखी वेगळं. पूर्वी कधी तो होऊन पूर्ण बरा झालेला असला, तरी ती बहुधा जन्मभर पॉझिटिव्हच दाखवते. रेघ दिसते, तिचा अर्थ दिसत नाही. तो सांगायला माणूस लागतो.

दुसरं मला जास्त छळतं. 'घरी' म्हणजे 'एकांतात' हे कुणी ठरवलं? दोन खोल्यांत सहा माणसं राहतात तिथे बाथरूमचा दरवाजाही कुणीतरी वाजवत असतं. कचऱ्याच्या डब्यात पडलेली पट्टी कुणाला तरी दिसतेच. आणि किट नवऱ्याने आणून पुढ्यात ठेवलं, "कर, मला बघायचंय" म्हणाला, तर? तेव्हा ते घरही लॉक हॉस्पिटलच झालं की. आपल्याकडच्या २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात संमती आणि गुप्तता दोन्ही लिहिलेली आहेत. पण स्वयंपाकघरात कायदा पोचायला वेळ लागतो, हे आपण सगळ्याजणी जाणतो.

आणि तिसरं आईचं. इतकी वर्षं मी त्या काउंटरवरच्या माणसावर रागावत आले. तो चुकलाच. पण त्या दोन दिवसांत आईच्या मनात काय काय येऊन गेलं असेल, हे मी कधी तिला विचारलं नाही. सगळ्यांआधी मला कळायला हवं होतं हे खरंच. पण माझ्यानंतर दुसरं कुणाला, हे मी ठरवलंच नव्हतं, म्हणून ते काकूंनी ठरवलं. आई विचारायला आली तेव्हा मी तिच्या हातात कागद ठेवला. बोलले काहीच नाही.

काल सकाळी मी भाचीला चहा करून दिला आणि सगळं सांगितलं. लॅबचंसुद्धा. म्हटलं, हो, असतात तसल्या आजारांच्याही टेस्ट. पण आधी त्यांना 'तसले' म्हणणं सोडू या. सरकारी आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते, १०९७ वर फोन करून नाव न सांगता विचारता येतं. आणि कधी घरी करायचीच वेळ आली तर कर, निकाल आधी तूच बघ. फक्त त्या वीस मिनिटांत शेजारच्या खोलीत, नाहीतर फोनवर, एक माणूस तू निवडलेला असू दे.

"तू चालशील?" तिने विचारलं.

"चालेन."

ताई, तू हा ब्लॉग वाचतेस हे मला ठाऊक आहे. हे तिला सांगायच्या आधी तुला विचारायला हवं होतं का? मला नाही वाटत. पण रागावली असलीस तर इथे कॉमेंट टाकू नकोस, फोन कर.

आईलाही फोन करायचाय. वीस वर्षं उशीर झालाय, पण करते.